इसम गावी आलाच नाही

नांदेड,
दि. ८ जानेवारी २०२४

आदरणीय तारामतीबाई यांस,
सविनय जयभीम.

तुम्ही मला ओळखत नाही. मी लुंबिनी व्यंकटी सोनकांबळे. इथं सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आमचं मूळ गाव तुमचंच, बाभळदरा. चाकूरला माझा चुलतभाऊ संघपाल राहतो. तो म्हणाला, गावात त्या काळचं एकच माणूस उरलंय, शेषेराव पाटलांच्या तारामतीबाई. कानानं ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही, पण भिंग लावून रोज पेपर वाचतात. म्हणून पत्र लिहीत आहे.

माझे आजोबा मरिबा सटवाजी. १९४२ साली ते मुंबईला गोदीत कामाला गेले आणि तिथून नौदलात लागले. तेव्हा माझे वडील आजीच्या पोटात होते. आजी सरजाबाई सांगायची, "तुझा आज्या लढाईत बुडाला." याच्यापुढं काही विचारलं की ती उठून जायची. तिला जाऊन तीस वर्षं झाली. तिच्या ट्रंकेत एक पोस्टकार्ड निघालं, १९४४ सालचं, त्यावर आजोबांचा नौदलातला नंबर आहे. तेवढ्या नंबरावर मी मुंबईच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केलाय.

माझे वडील आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. १९६३ साली ते फौजेत भरती व्हायला गेले, तेव्हा गावाकडून जो दाखला आला त्यात लिहिलं होतं, "बाप लढाईवरून फरारी." त्यांना परत पाठवलं. फरारी बापाचा लेक, हे ते साठ वर्षं मनात घेऊन बसलेत. दारू पिऊन एकदा स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून घेतलं होतं, मी तेव्हा आठवीत होते. बुडाला की पळाला, एवढं तरी त्यांना कळावं अशी माझी इच्छा आहे.

तुमचे वडील तेव्हा पाटील होते. आजोबा बुडाल्याची तार, एखादं सरकारी पत्र असं काही आलेलं आठवतं का? आजोबा आठवतात का? जे आठवेल ते लिहा.

आपली,
लुंबिनी

---

बाभळदरा, ता. चाकूर
२४ जानेवारी

लुंबिनीबाईस तारामतीचा रामराम.

तुमचं पत्र मिळालं. माझं वय सत्त्याऐंशी. चवथीपर्यंत शिकले, अक्षर वाकडं हाय, समजून घ्या. नवरा लवकर गेला, तवापासून म्या माहेरीच हाय. आता भावाचा लेक सुदर्शन आन त्याची सून रूपाली माझं बघतेत.

मरिबा बुडाला हेच खरं. तार आल्ती का ते मला ठाव न्हाई, म्या तवा लहान व्हते. गावात लोक तसंच म्हणायचे. फरारी कुणी लिहिलं आसंल ते आमच्या वडलांना, आप्पालाच ठाव, आन आप्पाला जाऊन चाळीस वर्सं झाली.

मरिबा मला जास्ती आठवत न्हाई. उंच व्हता. कानामागून मानेवर भाजल्याचा मोठा वण व्हता, त्याचं भ्या वाटायचं. येवढंच.

पोरी, येवढ्या जुन्या गोष्टीत हात घालून काय मिळंल? बापाला सांग, तुझा बाप लढाईत मेला. चांगलं मरण हाय ते. उगं खर्च करू नको.

तारामती

---

नांदेड,
दि. ११ जून २०२४

तारामतीबाई यांस,
सविनय जयभीम.

पाच महिन्यांनी लिहीत आहे, कारण कागद यायला तेवढा वेळ लागला. इथल्या सैनिक कार्यालयात शिवशंकर स्वामी म्हणून एक रिटायर नौसैनिक येतात. त्यांनी मला अर्ज करायला शिकवलं, स्वतः दोनदा मुंबईला जाऊन आले. मागच्या आठवड्यात एकवीस पानांच्या झेरॉक्स हातात आल्या.

आजोबा स्टोकर होते. म्हणजे जहाजाच्या पोटात बॉयलर असतात, त्यांच्या आगीवर काम करणारा खलाशी. जानेवारी १९४५ मध्ये त्यांचं जहाज ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ होतं. किनाऱ्यावरून जपानी तोफेचा गोळा आला आणि बॉयलरच्या खोलीत घुसला. वाफेचा मोठा पाइप फुटला. खाली पाच माणसं होती. आजोबा नुकतेच वर हवा खायला आले होते. चौकशीच्या कागदात अधिकाऱ्यानं लिहिलंय की शिडीवरून खाली बघितलं तर पांढऱ्या वाफेशिवाय काही दिसत नव्हतं, फक्त ओरडणं ऐकू येत होतं. आजोबा अंगावर ओलं पोतं घेऊन खाली उतरले आणि एकाला वर आणलं. पुन्हा गेले. तिसऱ्या माणसाला हाताला धरून ओढलं तर त्याच्या हाताची कातडी सोलून आजोबांच्या हातात आली, मग त्याला काखेत धरून आणलं. चौथ्या वेळी अधिकाऱ्यानं त्यांना दोघांकडून धरून ठेवलं. आतले दोघं शिजून मेले. असंच लिहिलंय, मी शब्द बदललेला नाही.

मी जळीत वॉर्डात नऊ वर्षं काम केलंय. तरी ते पान मी एका बसण्यात वाचू शकले नाही.

बाबांना वाचून दाखवलं. ते उठले. बाहेर जाऊन सदरा बदलून आले, इस्त्रीचा घातला, आणि म्हणाले, "आता पुन्हा वाच."

पण मी हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी लिहीत आहे.

आजोबा बुडाले नाहीत. पळालेही नाहीत. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईला नौसैनिकांनी बंड केलं, त्यात ते होते. महिनाभर छावणीत कोंडून ठेवलं आणि ३० मार्चला कामावरून कमी करून सोडून दिलं. लातूरपर्यंतचा रेल्वेचा पास दिला. तो पास वापरल्याची नोंद आहे. कुर्डूवाडीला गाडी बदलून ते ४ एप्रिलला लातूर स्टेशनात उतरले.

शेवटचं पान १९५१ सालचं आहे. नौदलाला त्यांना पदक द्यायचं होतं, म्हणून गावी चौकशी केली. त्याचं उत्तर मराठीत आहे: "सदर इसम लढाईवरून गावी आलाच नाही. बायको परागंदा. वारस नाही." खाली सही, शेषेराव पाटील. पदक परत गेलं.

आणि तुमचं पत्र. तुम्ही लिहिलंत, मानेवर भाजल्याचा वण होता. भरतीच्या वेळच्या कागदात तो वण नाही. तो १९४५ चा, त्या वाफेचा. भरतीपासून सुटेपर्यंत आजोबांना एक दिवसाचीही रजा मिळालेली नाही.

तो वण तुम्ही कुठं पाहिला, तारामतीबाई?

बाबांना मी विचारलं, तुम्ही तीन वर्षांचे असताना घरी कुणी आलं होतं का. ते म्हणाले, "एक माणूस मला खांद्यावर घेऊन फिरायचा. बूट करकर वाजायचे. मला आजवर वाटायचं तो मामा व्हता."

लुंबिनी

---

बाभळदरा
२९ जून

पोरी,

तू मला धरलंस. बरं झालं. अठ्ठ्याहत्तर वर्सं म्या कुणी धरायची वाट बघून राहिले व्हते, आसं आता वाटतंय.

हे बापाला वाचून दाखवू नको. तू नर्स हायस, तू सोसशील.

मरिबा आला व्हता. चैत्र व्हता. पायात काळे बूट, आंगात पांढरी पँट. गावात तवा म्हारवाड्यातल्या माणसानं बूट घालून वेशीतून यायचं न्हाई आशी रीत. तो आला. आप्पानं निरोप धाडला की दौऱ्यावर साहेब येनार हायत, सामान वाहायला ये. येठबिगारी. मरिबानं सांगितलं, "पगार द्या, येतो." माझा काका म्हणाला, याला एकदा बघावं लागंल. आप्पा म्हणाले, थांब.

आमच्या मळ्यात तवा उसाचं गुऱ्हाळ चालू व्हतं, शेवटचा घाणा. जाळ घालणारा माणूस आजारी पडला. आप्पानं मरिबाला बलावलं, रोजावर. आगीचं काम म्हणल्यावर तो आला. बूट काढून कडंला ठिवले आन चुलवाणाच्या खड्ड्यात उतरला. चुलवाण म्हंजी रस आटवायच्या मोठ्या कढईखालची, काहिलीखालची भट्टी. त्याच्यासारखा जाळ म्या कुणी घातलेला बघितला न्हाई. धूर म्हणून न्हाई. गूळ आटवणारा गुळव्या सुदीक खूश व्हता.

म्या नऊ वर्साची. उसाचं चिपाड रसात बुडवून चाटायला काहिलीच्या कठड्यावर चढले. समदे म्हणून राहिले व्हते, उतर, उतर. पाय सटकला. डावा हात खांद्यापर्यंत उकळत्या रसात गेला आन मागून म्या तोंडावर जायला लागले.

मरिबा खड्ड्यात व्हता, सगळ्यात जवळ. त्यानं दोन्ही हात रसात घातले आन मला उपसून काढलं. मांडीवर घेतलं. म्हणाला, "मुली, डोळे उघड." त्याच्या मानेचा वण म्या तवा बघितला, इतका जवळून.

आप्पा आले. मला उचलून आईकडं दिलं. मग इचारलं, "रसात हात कुणी घातला?"

मरिबा म्हणाला, "म्या घातला. पोरगी चालली व्हती."

"आमी काढलं आसतं तिला."

"तवर शिजली आसती, मालक."

काका म्हणाला, "काहील बाटली." आन जाळ सारायची लोखंडी शीग उचलून मरिबाच्या डोक्यात घातली.

मला आईनं चिपाडाच्या खोपीत निजवलं व्हतं. भिंत चिपाडाचीच, फटी व्हत्या. म्या बघितलं. चौघं व्हते. आप्पा, काका आन दोन गडी. वार आडवायला मरिबानं हात वर केले, तं ते हात रसातून निघालेले. कातडी मोज्यावानी लोंबत व्हती. त्या हातावरच शीग बसली. तो वरडला न्हाई. येकदाच म्हणाला, "माझं पोरगं लहान हाय." आप्पा म्हणाले, "मंग ध्यान ठिवायचं व्हतं." पाच-सहा वार झाले आसतील. मेला. मग त्यांनी त्याला चुलवाणात घातलं आन वर चिपाडं लोटली. दोन दिवस जाळ बंद केला न्हाई.

आन आता जे लिहिते ते आयक. काहील बाटली म्हणून माणूस मारला ना? तो रस फेकला न्हाई. आटवला. ढेपा केल्या. गाडीत भरून लातूरच्या अडतीवर नेला. गुळव्यानं इचारलं, तं आप्पा म्हणाले, "गुळाला काय कळतंय."

दुसऱ्या दिशी सरजाबाई आली, काखेत तुझा बाप. आप्पानं सांगितलं, तुझा नवरा बोटीवर परत गेला. तिनं चुलवाणाकडं बघितलं. कडंला बूट तसेच व्हते. तिनं ते उचलले आन गेली. सांजच्याला आप्पा तिच्या घरी जाऊन आले. काय बोलले ते ठाव न्हाई. तिनं गाव सोडलं. तिनं तोंड उघडलं न्हाई, कारण तिला पोरगं जगवायचं व्हतं. आन म्या उघडलं न्हाई, कारण मला माझं घर पाहिजे व्हतं. दोघींच्या गप बसण्यात लई फरक हाय.

माझा डावा हात वाळल्या लाकडावानी हाय. त्याच्यामुळं माझं लगीन उशिरा झालं. लोकास्नी सांगितलं, चुलीत पडली.

तारामती

---

नांदेड,
दि. ६ जुलै २०२४

तारामतीबाई,

तुम्ही म्हणालात वाचून दाखवू नको. मी दाखवलं. ते त्यांचे वडील होते, मला लपवायचा अधिकार नव्हता. आमच्या घरात आधीच एका बाईनं लपवलंय.

बाबा शेवटपर्यंत ऐकत बसले. आजी गुळाला का हात लावायची नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. संक्रांतीला शेजारणींनी तिळगूळ दिला की ती तो गल्लीच्या नालीत टाकून यायची, आणि बाबा तिच्यावर चिडायचे. त्या रात्री ते एवढंच म्हणाले, "मायला म्या शिव्या दिल्या गं."

त्यानंतर चार दिवस ते जेवलेले नाहीत. अंगणातल्या दगडावर बसून असतात.

मला एक गोष्ट हवी आहे. नौदलाच्या कागदावर अजून तुमच्या वडिलांचं वाक्य शेवटचं आहे. स्वामी काका म्हणतात, साक्षीदाराचा जबाब असेल तर ते बदलता येईल. मारणारे सगळे मेलेत, शिक्षा कुणालाच होणार नाही. तुम्ही चाकूरला येऊन हे सगळं अधिकाऱ्यासमोर सांगाल का? लिहून दिलंत तसंच. मी गाडी घेऊन न्यायला येईन.

लुंबिनी

---

बाभळदरा
दि. १५ जुलै २०२४

श्रीमती लुंबिनी सोनकांबळे यांना,
सुदर्शन पाटील, माजी उपसरपंच, यांचा नमस्कार.

आमच्या आत्याला तुम्ही लिहिलेली पत्रं माझ्या वाचनात आली. आत्याचं वय सत्त्याऐंशी आहे. डोकं ठिकाणावर नाही. पेपरात वाचलेलं आणि स्वप्नात पाहिलेलं त्यांना खरं वाटतं. अशा म्हाताऱ्या बाईकडून लिहून घेणं तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला शोभत नाही.

आमचे आजोबा शेषेराव पाटील यांच्या नावाची कमान गावाच्या वेशीत आहे. त्या कमानीखालून तुमची माणसंही ये-जा करतात, आम्ही कधी भेद केला नाही. गावात सगळे गुण्यागोविंदानं राहतात. ते तसंच राहावं असं वाटत असेल तर हा विषय इथं थांबवा.

गेल्या आठवड्यात आत्या न्हाणीत पाय घसरून पडल्या. उजवा हात मोडला. आता त्या पत्र लिहू शकणार नाहीत.

तुमचे वडील थकलेत असं कळलं. नांदेडला सुखात आहेत, त्यांना तिथंच राहू द्या. या वयात प्रवास झेपत नाही, माणसाचं काही सांगता येत नाही.

सुदर्शन पाटील

---

बाभळदरा
दि. ३ ऑगस्ट २०२४

लुंबिनीताई,
नमस्कार. मी रूपाली, सुदर्शन पाटलांची सून. त्या दिवशी लातूरच्या दवाखान्यात तुम्ही मला लांबून पाहिलं असेल, हिरव्या साडीत. तुमच्याजवळ यायची हिंमत झाली नाही. तुमच्या वडिलांना बोलता येत नाही असं कळलं, म्हणून काय घडलं ते मी लिहिते. माझ्यासमोर घडलं.

आधी आत्याबाईंच्या हाताचं. त्या न्हाणीत पडल्या नाहीत. तुमचं सहा जुलैचं पत्र मामंजींच्या हाती लागलं. त्यांनी पत्र आत्याबाईंच्या तोंडासमोर धरलं आणि विचारलं, "हे तू लिहून दिलंस?" त्यांना ऐकू गेलं नाही, पण कळलं. म्हणाल्या, "व्हय. म्या लिहिलं. आन चाकूरला जाऊन सांगणार बी हाय." मामंजींनी त्यांचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि मुसळ घातलं. दोनदा. माझा नवरा पुण्याला कंपनीत आहे. घरात मी एकटी होते. मला सांगितलं, न्हाणी म्हणायचं. मी डॉक्टरला न्हाणी म्हणाले.

तेवीस तारखेला, मंगळवारी, दुपारी बाराच्या एसटीनं तुमचे वडील आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. मामंजी बाहेर आले.

आजोबांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, विचारलं, "शेषेराव पाटलाचं घर हेच का?"

मामंजी म्हणाले, "त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. तुम्ही कोण?"

"तू कोण?"

"मी नातू."

"मी मरिबाचा लेक," असं म्हणून आजोबांनी पिशवीतून कोयता काढला.

ताई, खोटं लिहिणार नाही. आधी वार तुमच्या वडिलांनी केला. मानेवर केला होता. मामंजी मागं सरले म्हणून दंडावर बसला, सात टाके पडले. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा कोयता आजोबांच्या हातातून निसटून उंबऱ्यावर पडला. मग मामंजींनी त्यांना खाली पाडलं आणि लाथा घालायला लागले. तोंडावर, छातीवर. आजोबा खाली निपचित पडले तरी थांबेनात. दारात गल्ली गोळा झाली होती, पण पुढं कुणी येईना. मीही गेले नाही.

आत्याबाई उठल्या. प्लास्टरचा हात तसाच घेऊन त्यांनी आजोबांच्या अंगावर स्वतःला टाकलं, त्यांचं डोकं आपल्या पोटाखाली घेतलं. एक लाथ त्यांच्या कमरेत बसली. मग त्या ओरडल्या. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. सगळ्या गावानं ऐकलं.

"याच्या बापानं मला रसातून काढलं! आन तुमच्या पाटलानं त्याला चुलवाणात घातलं! जित्ता घातलं! म्या बघितलं, पाय हालत व्हते! जित्ता व्हता!"

तुम्हाला पत्रात त्यांनी "मेला" असं लिहिलं होतं. मला नंतर म्हणाल्या, तेवढं एक लिहवलं नाही.

मामंजी थांबले. गल्लीतली एकदोन माणसं मागं वळून निघून गेली. बाकीची खाली मान घालून उभी. तुमच्या वस्तीतल्या पोरांनी चाकूरला फोन केला, पोलीस आले, गाडीत घालून आजोबांना आणि आत्याबाईंना लातूरला नेलं. मी पोलिसांना सगळं सांगितलं. कोयत्याचंही, लाथांचंही, आणि मुसळाचंही. मामंजी आत आहेत. माझ्या नवऱ्यानं फोनवर मला सांगितलं की या घरात आता तुझं काही नाही. मी उद्या आत्याबाईंना घेऊन माझ्या माहेरी मुखेडला जाते. पाकिटावर तिथला पत्ता लिहिला आहे.

आता खालचं आत्याबाई सांगतात ते जसंच्या तसं लिहिते:

पोरी, चाकूरला म्या येणार. डोलीतून न्यायची येळ आली तरी येणार. माफी मागत न्हाई. आसल्या गोष्टीला माफी नसती. तुझ्या बापाला येकच गोष्ट इचार. लहानपणापासून माझ्या मनात हाय. त्या दिशी मरिबानं मला तसंच जाऊ दिलं आसतं तं तो जगला आसता, तुझ्या बापाला बाप राहिला आसता. मला काढलं ते चुकलं का? तो काय म्हणंल ते मला लिही. वाईट आसलं तरी लिही.

रूपाली

---

नांदेड,
दि. २० ऑगस्ट २०२४

तारामतीबाई,

रूपालीचं पत्र मिळालं. तिला सांगा, मी तिला ओळखलं होतं. हिरव्या साडीतली, दाराजवळ उभी राहून पदराचं टोक चावणारी.

बाबा घरी आलेत. तीन बरगड्या मोडल्या आहेत, जबडा तारेनं बांधलाय. नळीनं पातळ देते. त्यांच्यावरही गुन्हा दाखल झालाय, जीव घेण्याच्या प्रयत्नाचा. वकील म्हणाले, कोयता भाजी चिरायला आणला होता असं सांगू. बाबांनी मान हलवली. वहीत लिहून दिलं, "मारायलाच नेला व्हता." इतकी वर्षं मी जखमा बांधते, आणि माझ्याच घरातून कोयता गेला ते मला कळलं नाही. तुमचं पत्र वाचून दाखवलं ते बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. पुन्हा वेळ आली तरी वाचीन, एवढं मात्र माहीत आहे.

"जित्ता" हा शब्द मी त्यांना सांगितला नव्हता. पण तुम्ही ओरडलात तेव्हा ते शुद्धीत होते. त्यांनी तुमच्या पोटाखाली डोकं असताना तो ऐकलाय.

बारा सप्टेंबरला जबाबाची तारीख मिळाली आहे. स्वामी काका सोबत असतील. त्या दिवशी सकाळी मी मुखेडला गाडी घेऊन येईन. पाठीला उशी ठेवीन, रस्त्यात त्रास होणार नाही. नौदलाकडून कळवलंय की जबाबाची नक्कल मिळाली की ती फाइलला जोडतील, आणि पदकासाठी वारस म्हणून बाबांचा अर्ज घेतील.

मी तुम्हाला न्यायला येईन, पण तुमच्याशी नीट बोलता येईल की नाही, सांगू शकत नाही. आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. किंवा घ्या. मला ते आता कळत नाही.

तुमचा प्रश्न बाबांना वाचून दाखवला. आज सकाळी त्यांनी वही मागून घेतली. ते पान फाडून याच पाकिटात घालते.

लुंबिनी

*

तारामतीबाई,

तुमच्या सुदर्शनला म्या माराया आलो व्हतो. तुमी माझ्यावर पडला नसता तं मी मेलो आसतो. दोन्ही मला ठाव हाय.

तुमी इचारलं, तुमाला काढलं ते चुकलं का.

माझ्या बापाचं मला काय बी ठाव नव्हतं. आता दोन कामं ठाव झाली. बोटीवर तिघांना काढलं आन गावात तुमाला. तुमी चवथ्या. चवथं चुकलं म्हणलं तं ते तिघं बी चुकले म्हणावं लागंल. ते मी म्हणणार न्हाई.

चुकलं न्हाई.

बाकीचं मला इचारू नका.

व्यंकटी मरिबा